विरजण

डिसेंबरात आमच्याकडे उन्हाळा भरात असतो.
हे आधीच सांगतो, म्हणजे
पुढचं सगळं नीट वासासकट वाचाल.

सान होसेच्या बाहेर, निलगिरीच्या रांगेमागे
बेचाळीस गाई, दूध काढायचं एक कुरकुरं मशीन,
आणि वासरांच्या कोंडवाड्याला लागून
तो ढीग:
वर ओला, मध्ये कोमट,
तळाशी काळा, भुसभुशीत,
रस संपलेल्या येर्बाच्या चोथ्यासारखा.
बाबा गेले त्याच्याही आधीचा तळ.

दूध कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता.
मी ट्रॅक्टर काढला.
दोन दिवस खरवडलं, फरशी लागेपर्यंत,
मग पाण्याचा फवारा.
आई दारातून म्हणाली, तळाचा थर राहू दे.
मी म्हटलं, शेणच आहे ना, आई.
यावर ती काही बोलली नाही,
हे मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

माणूस आला, खूश झाला, शिक्का मारून गेला.

दहाव्या दिवशी वासरांचे डोळे दिसेनात.
डोळ्यांच्या जागी काळी, हलणारी भोकं.
दुधाच्या गाळणीवर माश्या, पावावर माश्या,
भिंतीवरच्या कुमारी मारियेच्या निळ्या पदरावर माश्या.
कुठे माशी शिंकली, हे विचारायची सोयच नव्हती;
सगळीकडे शिंकत होत्या.

औषध मारलं. खच पडला. फावड्यानं भरला.
चौथ्या दिवशी परत हजर,
मयताला आलेले आणि
जायचं नाव न घेणारे नातलग जसे.

तेव्हा आईनं बादली पुढे केली.
सुल्माकडे जा.

सुल्मा एचेवेरी. कुंपणाच्या तारेवरून
अकरा वर्षांचा अबोला.
तिच्याकडे जाऊन मागू काय?
शेण. जुनं. तळाचं.

सुल्मानं ऐकून घेतलं, हसली नाही.
कुदळीनं वरचा थर बाजूला केला,
हातभर खाली गेली,
मूठभर उचलून उन्हाकडे तळहात धरला.
तांबूस ठिपके. खसखशीएवढे. पळणारे.
दिसले?
(अकरा वर्षांतला पहिला शब्द.)
गोचिडीच्या नात्यातले, ती म्हणाली,
पण रक्ताचं वेड नाही.
माशीनं अंडी घातली की हे पंगतीला बसतात.
एकेक जण दिवसाला वीस-वीस.
तू आख्खी पंगतच उठवलीस.

पण यांना पंख नाहीत.
मग नव्या ढिगावर जातात कसे?

माशीच्या पोटाला धरून.

परतीच्या वाटेवर बादलीवर ओलं पोतं,
ऊन लागू देऊ नको, असं बजावलेलं,
आणि डोक्यात तेवढंच:
ती उडते, ताज्या शेणाचा माग काढत,
पोटात अंडी,
पोटाखाली अंड्यांची खाणारीण,
स्वतःच्या पंखांनी
स्वतःच पोचवते तिला, फुकट.
मला तिची कीव यायला हवी होती.
आली नाही. वासरं आठवत होती.

दुधाला विरजण लावावं तसं
ओंजळ ओंजळ पसरलं, ओल्या कडेला, सावलीत.
हलवलं नाही. वाट पाहिली.
शेण मुरायला लागतो तेवढा वेळ
मी कशालाच दिला नव्हता.

माश्या संपल्या नाहीत. माश्या संपत नसतात.
पण फेब्रुवारी लागता लागता
वासरांचे डोळे परत दिसू लागले,
ओले, काळे, थोडे बावळट.

आता मी उपसतो तेव्हा वीतभर थर सोडतो.
पुढच्या वर्षी तोच माणूस आला,
बुटाच्या टोकानं दाखवून म्हणाला, हे राहिलंय.
राहिलं नाही, म्हटलं, ठेवलंय.
त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं.

आईनं बादलीत पीच भरून सुल्माकडे पाठवले.
पीच तिनं घेतले.
बादलीही ठेवून घेतली.
तारेचं भांडण आहे तिथेच आहे.