गोऱ्याचं रान

तो आला तेव्हा पठारावर पाणी नव्हतं.
म्हणजे नेहमीसारखंच. पाणी खाली दरीत असतं,
बायका पहाटे तीनला निघतात
आणि उन्हं तापायच्या आत वीस-वीस लिटर डोक्यावर घेऊन वर येतात.
टेंपोतून उतरल्या उतरल्या त्यानं मला विचारलं,
"अजून लांबच्या वाटेनंच जातात का त्या?"
त्याला जवळची वाट कशी ठाऊक, हे विचारायचं
माझ्या ध्यानात आलं नाही.

मी दुभाषा. दिवसाचे पन्नास हजार मेतिकाल,
म्हणजे साबण, मीठ, थोडं रॉकेल.
तो आल्सिनो. पोर्तुगालच्या उत्तरेकडचा, कुठल्याशा डोंगरातला.
वय पन्नास, गुडघे सत्तरीचे.
पाववाल्याची भट्टी होती, ती विकून आलो म्हणाला.

न्यानेलाच्या अंगणात त्यानं पिशवीतून वही काढली.
शाळेतली, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली.
आत पेन्सिलीनं एक वाट, एक आंबा, बारा फुल्या.
आंब्यापासून सतरा पावलं. मग डावीकडे नऊ.
अक्षर वळणदार, चांगले मार्क पडावेत असं.

तो म्हणाला ते मी सांगितलं.
सुरुंगाला काय म्हणायचं ते आठवेना,
म्हणून भुईमुगाचं क्रियापद वापरलं:
यानं इथे पेरले, आजी. सत्तावीस वर्षांपूर्वी. बारा.

न्यानेलाला वाचता येत नाही. तिनं वही उलटी धरली,
फुल्यांवरून बोट फिरवलं आणि मोजायला लागली.
ही माझी बहीण, हंडा भरलेला होता.
ही शेळी. ही पण शेळी.
हे रानडुक्कर, ते आम्ही खाल्लं (इथे ती हसली,
मी हसणं भाषांतरित केलं नाही).
हा एक रात्री पावसात आपोआप उडाला, सगळं गाव जागं.
हा लिदुमा. सात वर्षांचा.
तेव्हा तुमची माणसं बोटीत बसून गेल्याला
चार वर्षं झाली होती.
मग आणखी तीन, भराभर,
नावं मी नीट ऐकली नाहीत, ऐकायची नव्हती.
"नऊ," ती म्हणाली. "तीन कुठेत?"

तो रडायला लागला.
एक लांबलचक वाक्य बोलला, त्यात देव होता, आई होती,
बावीस वर्षांचा एक पोरगा होता आणि शेवटी एक विनंती.
मी तोंड उघडलं.
"ते राहू दे," न्यानेला म्हणाली. "रडणं नंतर.
आधी त्याला पावलं मोजू दे."

आम्ही गेलो. आंबा नव्हता.
एका वादळात पडला, त्याच्या फळ्या झाल्या,
त्यातली एक अजून चर्चच्या दाराला आहे.
सतरा पावलं, पण कुठून?
आणि पावलं तरी कुठली,
पाठीवर तीस किलो घेऊन पळणाऱ्या पोराची,
की या पाववाल्याची?
वही हातात धरून तो उभाच राहिला.

समोर रान होतं.
बाकी सगळं पठार आम्ही कोळशासाठी तोडलं,
इथे मात्र सत्तावीस वर्षं कोणी कुऱ्हाड नेली नाही.
झाडं चर्चच्या क्रूसाहून उंच. धनेश पक्षी.
एका ढोलीतून मध ओघळत होता,
काळा पडेपर्यंत, कुणी न चाटलेला.

"काय म्हणतेय ती?" त्यानं विचारलं.
"म्हणतेय, गावात एवढंच रान उरलंय.
पोरं त्याला तुमचं रान म्हणतात."
"माझं?"
"गोऱ्याचं."

सुरुंग काढणारे पुढच्या कोरड्या मोसमात येणार आहेत,
असं जिल्ह्याचा माणूस सांगतो.
दरवर्षी सांगतो.
वही न्यानेलानं ठेवून घेतली,
त्यानं दिली असं नाही, तिनं परत केली नाही.

संध्याकाळी तिनं त्याच्यापुढे तांब्या ठेवला.
तो पाण्याकडे बघत बसला.
"कुठल्या वाटेनं आणलंय?"
"लांबच्या," मी म्हणालो.
"प्या. म्हातारी बघतेय."