निव्वळ वजन

मला वजनाचंच कळतं.
अमळनेर-चोपडा रस्त्याला, तापीच्या पुलाअलीकडे
अठरा वर्षं काट्यावर बसलोय.
कपाशीची गाडी आली, भरलेली तोलली,
जिनिंगमधून परत आली, रिकामी तोलली,
वजाबाकी करून पावती फाडली.
केळीवाले म्हणायचे, लोटनभाऊ, क्विंटलभर इकडचं तिकडं.
नाही केलं.

त्या रात्री ट्रॅक्टर काट्यावर चढला नाही,
बाजूनं निघाला.
हिलाल कोतवाल मोटारसायकल आडवी लावून
नंबरप्लेटवर बॅटरी धरून उभा.
ओली वाळू, ट्रॉलीतून पाणी गळत होतं.
साडेचार टन, फार तर पावणेपाच,
एवढं मी नजरेनं सांगतो.
हिलाल साठेक किलोचा असेल.
नक्की नाही सांगणार,
कधी तोललं नव्हतं त्याला.

पुढचं कोर्टात सांगेन म्हणालो.

दोन दिवसांनी एक जण काट्याच्या खिडकीत वाकला,
आमच्याच बोलीत, मायेनं :
"लोटनभाऊ, तुनी पोर कोनती शाळामा जास,
माले मालूम शे."
चहा प्यायला.
चहाचे पैसे ठेवून गेला.

वकीलबाई म्हणाल्या, अर्ज करा,
साक्षीदारांच्या संरक्षणाला सरकारचा निधी असतो.
पोलिसांनी माझ्या भीतीचा अहवाल केला.
अ, ब, क असे प्रकार.
मला ब लागला.
अ कुणाला देतात, विचारलं,
तर साहेब म्हणाले, देव करो नि तुला न मिळो.

मंजूर :
दारावर एक कॅमेरा,
मागच्या पडवीला लोखंडी जाळी,
हवालदार एक, महिने तीन.

धनसिंग पावरा, शिरपूरच्या वरचा, सातपुड्यातला.
ओट्यावर खाट टाकून झोपायचा,
म्हणजे झोपायचा नाही.
पहिल्या दिवशी बायकोनं वांगी भाजली
तर संकोचला, मला भत्ता मिळतो म्हणाला,
मग कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या.
पोरीला शाळेत सोडायचा,
एका खांद्याला बंदूक, एका खांद्याला दप्तर.
ती वाटेत पाढे विचारायची.
सतराच्या पाढ्याला तो अडायचा.

दूध डेअरीवर लोक बोलायला लागले :
आपल्या पैशातून पहारा लागलाय लोटनला,
जसा काय आमदारच!
मला राग नाही आला.
हिशेब त्यांचा बरोबर होता.
त्यांच्या साबणाच्या वडीतले दोन पैसे,
मोटारसायकलच्या तेलातले चार,
कुणाच्या लग्नाच्या मांडवातले,
असे मिळून तो माणूस माझ्या दारात उभा होता.
सगळं गाव थोडं थोडं
माझ्या ओट्यावर जागत होतं,
फक्त गावाला ते माहीत नव्हतं.

एकतीस मार्चला पैसे संपले.
पत्र आलं : पुढील तरतूद होईपर्यंत.
साक्ष नऊ एप्रिलला.
कॅमेरा राहिला, त्याचं वीजबिल मी भरतो.
धनसिंगनं खाट उभी करून भिंतीला लावली
आणि जाताना पोरीला सतराचा पाढा म्हणून दाखवला,
दाहेपर्यंत, न अडता.

नऊ रात्री खाट तशीच उभी होती.
ती आडवी करायला
कुणाचा हात गेला नाही.

अमळनेरला एसटीनं गेलो. त्रेचाळीस डिग्री.
समोरच्या वकिलांनी विचारलं,
अंधारात इतकं नेमकं कसं दिसलं?
मी म्हटलं, साहेब, गाडी भरलेली की रिकामी
हे चाकाच्या आवाजावरून कळतं.
ती त्याच्यावरून गेली तेव्हा भरलेली होती.

कोर्टात कुणीतरी पंखा वाढवला.

खाली कारकुनानं साक्षीदाराचा भत्ता दिला :
जाण्या-येण्याचं भाडं, एका दिवसाची मजुरी.
सही केली. सुटे नव्हते त्याच्याकडे,
सात रुपये राहिले.

रात्री काट्यावर आलो.
रस्ता मोकळा होता.
काय वाटलं कुणास ठाऊक,
एवढ्या मोठ्या लोखंडी पाट्यावर
मी एकटाच जाऊन उभा राहिलो.
आमचा काटा दहा-दहाच्या टप्प्यानं मोजतो.
लाल आकडा हलला, साठवर थांबला.

किती उतरलं ते सांगता येणार नाही.
सकाळी निघताना
भरलेलं वजन घ्यायचं राहून गेलं.