सोपी भाषा, तिसरं सत्र

काय शिकतेस, असं इर्मट्राउट आत्या विचारते.
मी सांगते. तिचं बटाटे सोलणं थांबत नाही.
"सोपं लिहायला विद्यापीठ लागतं?"
लागतं, आत्या.
अवघड लिहिणं आपसूक येतं.

हिल्डेसहाइमला आमच्या वर्गात आम्ही अकराजण.
पत्रकारितेची मुलं कॅमेरे घेऊन जिन्यावरून धावतात,
आम्ही दुपारभर भांडतो
घरभाडेसाहाय्यअर्ज
हा शब्द कुठे तोडायचा यावरून.
एका वाक्यात एकच गोष्ट.
उपमा नको.
"निर्णय घेण्यात आला" नको. कुणी घेतला? नाव लिहा.

गुरुवारी आमचं लिखाण तपासायला येतात
श्री. ओलेनडोर्फ, वय एकावन्न,
एरवी कार्यशाळेत ब्रश बांधतात.
खिशात जाड हिरवी पेन्सिल.
न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारतात,
माझ्या पहिल्या पानाचं तर त्यांनी शेतच नांगरलं.
(उपमा. खोडते.)

नोव्हेंबरात एकदा ते पेन्सिल न काढताच बसले.
जाकिटातून कागद काढला, चार घड्यांचा,
काळी चौकट, वळणदार टाइप,
वृद्धाश्रमाचा शिक्का.
"हे तपास," म्हणाले.

श्रीमती गेर्लिंड ओलेनडोर्फ यांना
शांत चिरनिद्रा लाभली.

बारा दिवस ते तिथे फोन करत होते,
रोज, जेवणाच्या सुट्टीत:
उठली का?
तिकडून कुणीतरी फार हळू, फार गोड बोलायचं
आणि फोन ठेवायचं.

मी कोरा कागद घेतला.
मोठा टाइप असता तर बरं, पण हातानेच लिहिलं:
तुमची आई मेली.
पुढचं वाक्य मला येत होतं,
हाताला येत नव्हतं.
ती आता उठणार नाही.

बोट ठेवून त्यांनी वाचलं. परत वाचलं.
मग हिरवी पेन्सिल निघाली
आणि "तुमची" या शब्दाखाली रेघ पडली.
"हे कुणाचंही असू शकतं," ते म्हणाले.
"माझं नाव लिही."

डीटमारची आई मेली.

तो कागद त्यांनी घडी न घालता नेला,
दोन्ही हातांत सपाट धरून, बसपर्यंत.
काळ्या चौकटीचा टेबलावर राहिला.
माझ्या फाईलमध्ये आहे अजून,
हिरव्या रेघेशिवाय.
ज्यानं लिहिला त्याचं नाव
मी शोधलं. खाली फक्त
"व्यवस्थापन" आहे.