ओळ दोनशे अकरा

जर्मन मला यंत्रांमुळे येतं.
झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी,
ओल्या हाताने कळ दाबू नये,
असली वाक्यं मराठीत आणते,
वागळे इस्टेटच्या तीन कंपन्यांवर घर चालतं.
ऑपेराची मंडळी तलावाकाठच्या रंगायतनात येणार
आणि कुणी माझं नाव सुचवलं, तेव्हा
मी आधी विचारलं, पानाला किती देणार.

गोष्ट तशी लहान मुलांची.
कोळसेवाल्याच्या मुलीला रानात चेटकीण भेटते,
मुलगी राणी होते, बदल्यात
घराची वाट विसरते.
चारशे सहा ओळी. पट्टीवर मावतात बावीस अक्षरं.
हे घनदाट, पाताळापर्यंत मुळं गेलेल्या अरण्या,
याचं मी केलं: रान. खोल रान.
लिहिताना डोळ्यांपुढे येऊरची वळणं होती,
जिथे तिन्हीसांजेला स्कूटर बंद पडली की
माणूस स्वतःशीच मोठ्याने बोलू लागतो.

चेटकीण झालेली बाई दुपारी
मामलेदारच्या मिसळीपुढे डोळे पुसत हसत होती.
रात्री तिने तोंड उघडलं
आणि माझ्या काचेच्या खोलीतली पाण्याची बाटली
झाकणासकट थरथरली.

ज रांगेत, सतरा नंबरला, बाबा.
इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी.
एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये
पत्र्यावर पडणारा घाव ऐकून कान गेले.
कानाचं यंत्र लावत नाहीत,
त्यात म्हणे नुसता पंखा ऐकू येतो.
चाळीस वाद्यं, साठ गळे,
आणि त्यांच्यापर्यंत पोचत होतं
मी लिहिलेलं. तेवढंच.
हे पहिल्या अंकात सुचलंच नाही.
दुसऱ्यात सुचलं, आणि बोट जड झालं.

लग्नाचा प्रसंग. रिकामे पेले उंचावून सगळे गातात,
मुलगी कडेला.
मला घरी जायचंय.
मी कळ दाबली. पुन्हा दाबली.
पट्टी हलेना.
दिव्यांपाशी बसलेला जेरोम कुजबुजला,
"मॅडम, वायर गेली वाटतं,"
आणि टेबलाखाली शिरला.
खाली राजा शपथ घेतोय: मला घरी जायचंय.
पुरोहित आशीर्वाद देतोय: मला घरी जायचंय.
चेटकीण, हात पसरून, खदाखदा: मला घरी जायचंय.
मग सैनिक, ढोल, नऊ मिनिटं,
तेच.

आधी कुठेतरी खसखस पिकली.
मग नाही.
एक पोर तेवढं म्हणालं, "जाऊ दे ना मग सगळ्यांना,"
आणि त्याला कुणीतरी गप्प केलं.
बाबा मान वर करून
तसेच.

तिसऱ्या अंकात पट्टी सुरू झाली.
उरलेल्या ओळी मी बिनचूक सोडल्या.
शेवटच्या दोनांवर आठवडा घालवला होता,
त्या कुणी वाचल्या की नाही, माहीत नाही.

बाहेर तलावपाळीला शेंगांच्या पुडीवर
मी लिहून दाखवलं: वायर निघाली होती. चूक माझी.
बाबांनी चष्मा वर करून वाचलं.
"त्या भटजीचं पटलं मला," ते म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणजे
पलीकडच्या होडीवाल्यालाही कळेल असे.
"केवढा वेळ उभा होता बिचारा."

मागच्या दाराशी टेम्पोत रान चढत होतं.
प्लायवूडची झाडं, दोरीच्या वेली,
आणि एक उंच, नुसताच पत्रा,
ढगांचा गडगडाट करायचा.
बाबा थांबले. धारेवरून अंगठा फिरवला.
"वीस गेज."
हमालाने गंमत म्हणून तो हलवला
तेव्हा त्यांनी त्यावर तळहात सपाट ठेवला,
आजारी गुरावर ठेवावा तसा,
आणि थरथर थांबेपर्यंत उचलला नाही.

"हा ती बाई रानात आली तेव्हा वाजला होता," ते म्हणाले.
"दोनदा. खुर्चीतून आला."

मी पुडी उलटी केली.
त्या ठिकाणी मी काहीच लिहिलं नव्हतं.