शब्द शोधा: स्ट्राइक

तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून
डार्लीन वोइटाशेकचं टेबल.
नेब्रास्कातल्या एका सरकारी विद्यापीठाची ती अभिलेख अधिकारी:
कुणी मागितलं की शोधून द्यायचं,
पानामागे पंचवीस सेंट लावायचे.

सोमवारी अर्ज आला, पक्षाच्या कचेरीतून.
भाषा सभ्य. कारण दिलेलं नाही.
या कायद्याला कारण लागत नाही,
आणि तेच तर त्याचं चांगलं आहे.
प्रा. थिओडोरा ग्रिमस्टेड, इतिहास विभाग.
जानेवारीपासूनचे सगळे ईमेल, ज्यांत हे शब्द असतील:
युनियन. गव्हर्नर. रिकॉल. स्ट्राइक.

अकराच दिवसांपूर्वी बाईंचा लेख छापून आला होता,
गव्हर्नरने शिक्षकांच्या तोंडाला लावलेल्या कुलपाबद्दल.
डार्लीनने वाचला होता. पटला नव्हता.
तिचं मत गव्हर्नरलाच;
अंगणात त्याची पाटी अजून उभी,
बर्फातून एक कोपरा वर काढून.

यंत्राने शोधलं. यंत्राला काय,
त्याला शब्द कळतो, बोलणं कळत नाही.
चौदाशे बारा पानं.

पान नऊ. भाच्याला: तिसऱ्या स्ट्राइकवर आऊट झालास म्हणून रडू नकोस,
पिचरही घाबरलेलाच असतो.
पान चाळीस. विमा कंपनीला, छपरावर वीज कोसळली त्याबद्दल.
पान अठ्ठ्याऐंशी. स्टुडंट युनियनमधलं सूप खारट आहे.
पान एकोणनव्वद. खरंच खारट आहे.
डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो;
इथे मीठ.

मग पान सहाशे बारा.
मॅडम, बाबा कत्तलखान्यातल्या स्ट्राइकमध्ये होते, त्यांना काढलं.
मी हे सत्र सोडतोय. कुणाला सांगू नका.
खाली उत्तर: नाही सांगणार.

डार्लीन उठली. कॉफीचा कप धुतला, जो स्वच्छच होता.

सहा वर्षांपूर्वी तिनेही असाच अर्ज भरला होता.
भाऊ एमिल, काउंटीच्या कोठडीत गेला. हृदय, म्हणाले.
एक्केचाळीस पानं आली. तेविसाव्यावर पहारेकऱ्याची नोंद:
दोन दहाला हाक मारली.
चार पस्तीसला दार उघडलं.
कायदा हाच. फॉर्मही हाच, डाव्या कोपऱ्यात तीच मोहोर.
सुरीला कांदा कळत नाही
आणि बोटही.

विद्यार्थ्याचं नाव तिने काळं केलं. नियमच आहे तसा.
मग गावाचं नाव. मग बाबा हा शब्द, नियमात नसताना.
शेवटी पानच बाजूला ठेवलं,
आणि त्याच्यासोबत विद्यार्थ्यांची आणखी दोनशे पंच्याऐंशी.

बुधवारी ग्रिमस्टेडबाई स्वतःच खाली आल्या,
बुटांना चिखल, हातात मफलर.
काही सापडलं का माझ्याबद्दल?
सूप, डार्लीन म्हणाली.
बाई हसल्या. मग हसणं मध्येच राहिलं.
हल्ली काही लिहायला बसले की तुम्ही आठवता, त्या म्हणाल्या.
म्हणजे तुम्ही नाही. हे टेबल.
कुणाशी बोलायचं असेल तर चालत जाते.
थंडी असली तर जातच नाही.
मुलं तर आता फक्त थँक्यू लिहितात.

अकराशे सव्वीस पानं, दोनशे एक्क्याऐंशी डॉलर पन्नास सेंट.
डार्लीनने बिल पाठवलं, एप्रिलमध्ये आठवणपत्र.
मे महिन्यात आणखी एक.
न्यायला कुणी आलं नाही.
पेटी अजून बॉयलरच्या भिंतीशी आहे,
वरची पानं उबेने किंचित वळलेली.

अंगणातली पाटी तिने काढली नाही.
गवत कापताना ती उचलून धरते, पुन्हा रोवते,
पूर्वीइतकी खोल नाही.

गुरुवारी रात्री बोलिंगमध्ये तिचा हात बसला.
घरी येऊन बहिणीला ईमेल लिहायला घेतला:
आज लागोपाठ तीन स्ट्राइक

आणि बोट थांबलं.
एकेक अक्षर मागे घेत
ओळ कोरी केली.
मग फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते.
काय गं, काय झालं, बहीण म्हणाली, कोण गेलं?