रात्रीचा लोड

दंडावर पट्टा, कमरेला डबी.
जयेश म्हणाला, काका, चोवीस तास काढायची नाही,
फुगलं की हात सैल सोडा
आणि या वहीत लिहा, त्या वेळी काय करत होतात.

वही मला नवी नाही.
दीपनगरला एकतीस वर्षं तासातासाला आकडे लिहिले,
वाफेचा दाब, ड्रमची पातळी, पंख्यांचे अँपिअर.

साडेआठ : द्वारका धाब्यावर जुन्या धोतरावर बिबडे घालत होती,
मी काठी घेऊन कावळे हाकत होतो.
डॉक्टर फिरक्यांनी माझं मीठ तोडलंय.
घाट्यात किती पडलं ते ती सांगत नाही,
मी विचारत नाही.
तीन : पडून होतो. धाबं तापलेलं, पंख्याचा वारा चुलीतला.
सात : केळीचा ट्रक बोळात अडकला, मी ओरडलो.
वहीत लिहिलं, बोललो.

रात्री दोन बाजा, मधे पाण्याचा तांब्या.
तासाला एकदा घूंऽ करून दंड आवळायचा,
पाळीवर न्यायला कोणी आल्यासारखा.
अकरा : झोपलो.
बारा : झोपलो.
एक : झोपलो.
खरं तर चिमणीवरचे लाल दिवे मोजत होतो.
त्यातला एक बंद आहे.
कळवावं कोणाला?
रिटायर माणसाचा फोन कंट्रोल रूममध्ये कोण उचलतं.

दोन : झोपलो.

सकाळी डॉक्टरांनी कागदावर बोट फिरवलं.
दिवसाची रेघ बरी आहे, गोळी लागू पडतेय.
पण रात्री दाब दहावा हिस्सा तरी उतरायला हवा,
तुमचा उतरतच नाही. आणि दोनला हा बघा, चढलाय.

मला हसू आलं.
साहेब, गाव झोपलं की लोड पडतो,
मग बॉयलर हळूहळू खाली घ्यायचा,
घाई केली की आतली ज्योत विझते.
मी अख्खा जिल्हा उतरवून द्यायचो रोज रात्री.
स्वतःला कसं उतरवायचं
ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

दोनला काय झालं होतं?
मी वही पुढे केली.

द्वारका म्हणाली, झोपले कुठचे.
दोनले उठून बसले होते. म्हने, घरघर बंद पडली, युनिट गेलं.
अंधारात बूट चाचपत होते.
बूट तर दोन साल झाले, भंगारवाल्याले देले मी.

डॉक्टर थांबले. तिच्याकडे वळले.
तुम्ही जाग्या होतात?

जागीच राहते मी, ती म्हणाली,
हे रात्रपाळीले जायचे तवापासून.

जयेशनं माझ्या दंडावरचा पट्टा सोडला.
कातडीवर त्याची जाळी उमटली होती, घामानं पांढरी.
तो पट्टा डॉक्टरांनी टेबलावर ठेवला नाही,
हातातच धरून बसले.

पायऱ्या उतरताना तिनं पदर दंडावर ओढून घेतला.
परवा लावतो म्हना त्याईले, म्हणाली,
उद्या बिबडे उलटायचे आहेत.
मी म्हटलं, वही मी लिहीन.
ती म्हणाली, आन् कावळे?