पाच संगणकांपुरते

बेलापूरच्या सभागृहात, चौथ्या स्लाइडवर,
तळवलीच्या पोटात एक चौकोन उगवला.
घणसोली ठीक होती, गोठिवली ठीक होती,
दारावे, शिरवणे, सगळी गावं जागच्या जागी.
फक्त जिथे ळ, तिथे रिकामी खोली,
दार नाही, खिडकी नाही.

माझ्या संगणकावर तो दिसत होता, शपथेवर सांगते.
नंतर कळलं, तो ळ त्या घरचा नव्हताच,
शेजारच्या फॉन्टमधून गुपचूप उसना आलेला,
आणि बेलापूरच्या संगणकाला असा शेजार नव्हता.

पाण्याच्या वाहिनीबद्दल ऐकायला आलेल्यांतला एकजण म्हणाला,
गाव गिळलंत की काय, बाई?
सगळे हसले.
तिसऱ्या रांगेतला एक हसला नाही.
तळवलीचा असावा.
मी विचारलं नाही.

महापेला परतल्यावर वाघुळदे साहेब म्हणाले, फॉन्ट बदल, विषय संपव.
तीन दिवस मी बदलत बसले.
एक फॉन्ट लग्नपत्रिकेतून थेट उठून आलेला,
हळदीच्या हातांनी पंपाची क्षमता सांगणारा.
एक इतका बारीक की मागच्या बाकावरून
नुसती शिरोरेषा दिसावी, कपडे नसलेली दोरी.
एकाच्या ल ला पाकळी नाही, श ला देठ नाही.
एकात दऱ्या लिहिलं की दर्या होई,
डोंगर उतरायच्या आत पायाखाली समुद्र.
मग एक सापडला.
खास असं काही नाही त्याच्यात.
आकडे एका उंचीचे, एका रुंदीचे, बेरजेला उभे राहिले तर हलत नव्हते,
आणि ळ होता,
स्वतःचा.

परवाना चौदा पानांचा.
मी वाचला, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून.
अक्षरं तुमची नाहीत, वापर तुमचा.
पाच संगणक.
सादरीकरणात गुंफा, चालेल.
उपटून दुसऱ्याला द्याल, चालणार नाही.
मला यात नवीन काही वाटलं नाही.
कोपरखैरण्यात आमचं घर आहे,
त्याखालची जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या पट्ट्यावर,
आणि तरी आम्ही तिथे फरशा बदलल्या,
भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा केल्या,
शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडलो मालकासारखे.

प्रश्न सहाव्याचा होता.
झीनत मुकादम, शिकाऊ, खिडकीजवळचा संगणक.
साहेब म्हणाले, पेनड्राइव्हवर दे तिला, कोणाला कळतंय.
पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होता, गरम झालेला.
झीनत माझ्याकडे बघत होती,
नोकरीत पहिल्या महिन्यात माणूस जसा बघतो,
इथे काय काय चालतं ते शिकत.

मी परवान्याच्या तळाचा नंबर लावला.
वाटलं होतं, एखादी कंपनी असेल, यंत्राचा आवाज, एक दाबा, दोन दाबा.
खारघरहून केणीबाईंनी उचलला, मागे कुकर.
ळ ला अडीच महिने गेले, म्हणाल्या.
दोन गाठी, आणि मधे ताण राहिला पाहिजे,
नाहीतर तो आठ होतो आडवा पडलेला.
सहाव्याचं विचारलं तर म्हणाल्या, सूट देते. फुकट नाही.
मग जरा थांबून, कुठलं गाव म्हणालात?
कळा दाबल्याचे आवाज आले.
ळ च्या अंगावर व जातोय थोडा, म्हणाल्या. बघते.

हिशेबाला चोरघे.
बिल उलटंपालटं करून विचारतात, ही वस्तू ठेवलीय कुठे?
मालमत्तेत धरू की खर्चात?
मी म्हटलं, भाडं लिहा.
भाड्याला जागा लागते, म्हणाले,
आणि इतर या रकान्यात टाकून मोकळे झाले.

महिन्याभराने पुन्हा बेलापूर.
आदल्या रात्री नवी आवृत्ती आलेली, सोबत एक ओळ,
व सरकवला आहे.
मी खूप मोठा करून पाहिला.
केसाएवढी फट, वारा जाईल इतकीच.

चौथी स्लाइड अकरा सेकंद राहिली.
तळवली.
कोणी हसलं नाही, कोणाचं लक्षही नव्हतं,
चहा आला होता.
तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची
या वेळी रिकामी होती.